सतरंजीवरचा समुद्र

सकाळी हॉलच्या दारातून पाहिलं, तर माझी बायको सुलभा सतरंजीवर पालथी पडली होती. मग हात टेकून ती झटकन उठली आणि गुडघे वाकवून, हात पसरून उभी राहिली. समोर टीव्हीचं टेबल होतं, पण तिच्या डोळ्यांत समुद्र होता.

"हे काय?"

"सर्फिंगचा सराव. केरळला जायचं ठरतंय."

"कोणाचं?"

"तू आधी चहा घे."

पन्नाशीची बायको असं उत्तर देते, तेव्हा माझ्यातला गुप्तहेर जागा होतो. पंचवीस वर्षं आम्ही समुद्रावर गेलो ते चपला हातात धरून, घोट्यापर्यंत भिजायला. आता हिला लाटेवर उभं राहायचंय, आणि बहुधा माझ्याशिवाय! इतकी वर्षं शेजारी राहूनही माणसाचा नुसता किनाराच आपल्या ओळखीचा असतो की काय?

दुपारी ती बाहेर गेल्यावर मी लाज सोडून तिची प्रवासाची बॅग उघडली. पोहण्याचे कपडे, टोपी आणि तळाशी मेतकुटाची बरणी. सुलभाला मेतकुटाचा वाससुद्धा सहन होत नाही. परगावी तिसऱ्या दिवशी मऊ भात आणि मेतकुटासाठी रडवेला होणारा माणूस या घरात एकच आहे.

बॅग होती तशी बंद केली, सतरंजी पसरली आणि पालथा पडलो. उठता मात्र येईना.

सुलभा परतली तेव्हा मी तसाच होतो.

"बॅग उघडलीस ना?" म्हणाली, आणि तिने हात पुढे केला.