धोंडुबाईचं बोट

गडमुडशिंगीत आमच्या गल्लीत ज्यांचं लहानपण गेलं, त्या सगळ्यांच्या घशात धोंडुबाईचं बोट जाऊन आलेलं आहे. पोराचा घसा धरला, की आई त्याला तिच्याकडे न्यायची. ती बोट मीठ-हळदीत बुडवून पडजीभ दाबायची. पोर ओकायचं, रडायचं आणि चार दिवसांत आपोआप बरं व्हायचं. श्रेय मात्र बोटाला. मी हे तिच्या तोंडावर म्हणायचो. ती म्हणायची, तुझी बी दाबलीया, म्हणून एवढा बोलतोयस.

मुलगा-सून शाहूपुरीत कामाला जायची, त्यामुळे नात राजनंदिनी दिवसभर हिच्याच ओटीत. तान्हेपणी लस टोचल्यावर ती रात्रभर तापली होती, तेव्हापासून धोंडुबाईनं सुईशी वैर धरलं. पाच वर्षांची लस द्यायला नर्सबाई आल्या, तेव्हा तिनं नातीला म्हशींच्या गोठ्यात लपवलं. सगळी गल्ली हसली. मीही हसलो.

गेल्या श्रावणात शेजारच्या अनुजानं आपल्या पोराला, यशराजला, तिच्याकडे आणलं. अंगात ताप, आवाज घोगरा, गळा दोन्ही बाजूंनी सुजलेला. धोंडुबाईनं बोट घातलं तर आत काहीतरी चिवट लागलं, दुधावरच्या जाड सायीसारखं. तिनं ते नखानं खरवडलं. बोट रक्तानं माखून बाहेर आलं. ती चरकली. बोट पदराला पुसलं आणि शेजारचं दुखणं आपल्या घरात शिरायला नको, म्हणून लगोलग राजनंदिनीचीही पडजीभ दाबून टाकली. नातीला जपायची तिची हीच रीत होती.

संध्याकाळपर्यंत यशराजला श्वास घेता येईना. त्याला कोल्हापूरला दवाखान्यात नेलं. घटसर्प निघाला.

दुसऱ्या दिवशी आरोग्य खात्याची माणसं गल्लीत आली. डॉक्टरबाईंनी अंगणात उभं राहून सांगितलं, की हा जंतूचा आजार आहे. खोकल्यातून, थुंकीतून एकाकडून दुसऱ्याकडे जातो. घशात राखाडी पडदा धरतो, श्वास कोंडतो, आणि त्याचं विष हृदयापर्यंत पोचतं. सगळ्या लसी वेळेवर झाल्या असतील, तर पोर सहसा वाचतं.

मागं उभी असलेली धोंडुबाई पुढं आली. उजवा हात पदरात गुंडाळलेला.

"बाई, बोटानं जातंय का ह्ये?"

"थुंकी लागलेलं बोट दुसऱ्याच्या तोंडात गेलं, तर जातं."

तिनं पदरातला हात बाहेर काढला. "नातीच्या तोंडात घातलंय की म्या. आन् सुई बी घिऊ दिली न्हाय."

सगळ्यांच्या घशातला नमुना घेतला, गोळ्या दिल्या, राजनंदिनीला लस टोचली. मग वाट बघणं सुरू झालं. धोंडुबाईनं नातीला भरवणं सोडलं. सकाळ झाली, की तिला उजेडात उभं करून आ करायला लावायची आणि लांबूनच बघायची. गल्लीत कुणी खोकलं तरी पटापट दारं लागायची. खोटं कशाला बोलू, मीही माझ्या नातवंडांचे घसे बॅटरी लावून बघत होतो. यशराजला विषावरचं औषध मिळालं होतं, पण तो अजून दवाखान्यातच होता.

रिपोर्ट आले. राजनंदिनीचा घसा साफ होता. जंतू सापडला तो धोंडुबाईच्या घशात. तिला ना ताप, ना खोकला. काहींना स्वतःला काही होत नाही, पण ते दुसऱ्याला देतात, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. गोळ्यांनी जंतू जाईल, तोवर कुणाजवळ जायचं नाही.

यशराजकडून मला आलं, का माझ्याकडून त्याला गेलं, असं तिनं विचारलं. ते आता सांगता येणार नाही, असं उत्तर मिळालं.

ती मागच्या खोलीत गेली आणि आतून कडी घातली. राजनंदिनी दाराला टेकून बसली. आज्जी रागावलीय असं तिला वाटलं, आणि तो राग कशानं जाईल, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"आज्जे, आ केलंय बघ की. न्हाय काय माझ्या घशात."



"तुझ्यात न्हाय गं बाई," धोंडुबाई म्हणाली. "माझ्यात हाय. लांब हो."