लग्नात बदललेलं नाव

अमेरिकेत पार्सिपनीच्या एका मानसोपचार क्लिनिकमध्ये मी बिलिंग बघायचे. तिथे नागपूरची एक नवी समुपदेशक आली होती. विमा कंपनीची मान्यता मिळेपर्यंत तिला पेशंट घेता येत नव्हते. नवरा गेल्यापासून झोप उडालेल्या एका काकूंना मात्र मराठीतच बोलायचं होतं. त्या रोज येऊन माझ्यासमोर बसायच्या.

लग्नात सासरी त्या समुपदेशक मुलीचं नाव बदललं होतं. डिग्री एका नावाची, लायसन्स दुसऱ्या नावाचं, म्हणून अर्ज अडला. मी कंपनीला फोन लावून स्पीकरवर टाकला. होल्डवरचं संथ संगीत खोलीभर पसरलं. बाहेर बर्फ पडत होता. आम्ही तिघी पाण्याखाली बसल्यासारख्या बसलो होतो.

शेवटी पलीकडच्या बाईने विचारलं, "मग डिग्रीवरची ही पहिली बाई आता कुठे असते?"

"सांगा, ती नागपूरलाच राहिली," समुपदेशक हसून मला म्हणाली.

"माझीही एक आहे गं, सांगलीला," काकू डोळे न उघडता म्हणाल्या.

मी यातलं काही सांगितलं नाही, लग्नाचा दाखला फॅक्स केला. मान्यता आली त्या दुपारी काकू आत गेल्या आणि दार लागलं. आतून बोलण्याचा आवाज येत राहिला, शब्द कळत नव्हते. मी पुढचा फोन लावला.