सिद्धेश्वरअप्पांचा डावा हात

चाकुरात कुणाला भिंतीला भोक पाडायचं असलं की फोन सिद्धेश्वरअप्पांनाच जायचा. एसीचा स्टँड असो, पडद्याचा दांडा असो नाहीतर देव्हारा. अप्पा यायचे, भिंतीवर बोटानं टकटक करायचे, बोर्डाच्या वर-खाली वायर असते म्हणून तेवढी जागा सोडायचे आणि मग हॅमर मशीन लावायचे. टाईल असली तर आधी मशीनचा ठोका बंद ठेवून टोकाचं बिट नुसतं फिरवायचे, टाईल पार झाली की मग ठोका. नवशिक्यांना बजावायचे, "रेटा देऊ नका. मशीन तिचं काम करून राहिली, तुमी नुसतं धरा." डोळ्याला चष्मा, तोंडाला फडकं, मशीनची आडवी मूठ घट्ट धरायची, मधूनमधून हाताला विसावा, सगळं त्यांना पाठ होतं. पण लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण!

पूर्वी त्यांची मशीन वायरची होती. लाईट गेली की अप्पा वीजवाल्यांना शिव्या घालत गिऱ्हाइकाच्या पायरीवर चहा पीत बसायचे. तेवढाच हाताला आराम मिळतोय, हे ना त्यांच्या ध्यानात आलं ना कुणाच्या. मग बॅटरीची मशीन आली. पिशवीत जादा बॅटऱ्या असायच्या, त्यामुळे लाईट असो नसो, काम थांबेना. आडवी मूठ कोपऱ्यात अडते म्हणून अप्पांनी ती काढून टाकली आणि मशीनचं पुढचं अंगच डाव्या हातानं आवळून धरू लागले. उरकायची घाई, म्हणून रेटाही आला. अप्पांना वाटलं, सुखाचे दिवस आले.

आधी बोटांना मुंग्या आल्या. मग थंडीत बोटं चुन्यासारखी पांढरी पडायला लागली. अप्पांनी घरी अवाक्षर काढलं नाही. माणूस कामाला वाघ आणि दुखणं सांगायला मुका, त्याला कोण काय करणार?

बायकोला, गुरम्माला, कळलं ते सकाळच्या पूजेत. गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजा करायची, ही अप्पांची लहानपणापासूनची रीत. त्या दिवशी लिंग हातावरून घरंगळून सतरंजीवर पडलं आणि अप्पा मात्र रिकामा तळहात तसाच धरून, डोळे मिटून जप करत राहिले.

"अहो," गुरम्मा हळू आवाजात म्हणाली, "लिंग खाली पडलंय."

अप्पांनी डोळे उघडले. शरमेनं त्यांना रडूच कोसळलं.

"कवापासून असं होऊन राहिलं?"

"लई दिस झाले. हातात काय हाय, काय न्हाई, कळतच न्हाई."

लातूरच्या डॉक्टरांनी बोटांना सुई टोचून पाहिली. म्हणाले, मशीनच्या हादऱ्यानं नसा गेल्यात, डाव्या हातातलं गेलं ते आता परत येणार नाही. उजवा अजून शाबूत आहे, तो राखायचा असेल तर मशीन आजपासून बंद. परतीच्या एसटीत गुरम्मानं त्यांचा डावा हात हातात घेऊन शब्द मागितला. तिनं हात धरलाय हे अप्पांना खाली बघितल्यावर कळलं. त्यांनी शब्द दिला.

मशीन खाटेखाली गेली. फोन आला की अप्पा म्हणायचे, दुसऱ्याला सांगा. हळूहळू फोनही थांबले. दुसरं कुठलं काम त्यांना येत नव्हतं आणि एका हातानं जमणारही नव्हतं. गुरम्मा रोज तेल लावून हात चोळायची. "कळतंय का?" विचारायची. "न्हाई." काही दिवसांनी तिनं विचारणंही सोडलं.

एका दुपारी ती गिरणीतून दळण घेऊन आली, तर परसातून मशीनचा आवाज येत होता. डोक्यावरचा डबा दारातच ठेवून ती धावत मागे गेली. गिऱ्हाईक नव्हतं, काम नव्हतं. अप्पा जमिनीवर बसून, चष्मा नाही, फडकं नाही, एका पडीक दगडावर बिट टेकवून मशीन चालवत होते.

"शबूद दिलता न्हवं मला?"

अप्पांनी मशीन थांबवली. "दिलता. पण ही चालू असली की हातात काहीतरी कळतंय, गुरम्मा. बाकी कशानं म्हणून कळंना."

गुरम्मा मशीन हिसकावून घ्यायला पुढे झाली होती. तिचे हात तिथंच थांबले. अप्पांनी उजव्या हातानं पुन्हा बटण दाबलं. त्याही हाताला आता मुंग्या येऊ लागल्यात, हे त्यांनी तिला सांगितलं नाही.