माघारीचा शिरा

अण्णा गेल्याचं मला पॅकिंगच्या टेबलावर कळलं. आमच्या औषधांच्या कारखान्यात कामाच्या वेळी घरचा फोन देत नाहीत, पण त्या दिवशी सुपरवायझरबाई स्वतः उठून आल्या आणि म्हणाल्या, "धुरी, घरून फोन आहे, बसून घे." वाण्याच्या दुकानातून शेजारचे सावंतकाका बोलत होते. "मंगल, अण्णा गेले गं. खुर्चीतच. रेडिओ चालू होता…" मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. माझ्या मनात पहिली गोष्ट काय आली ते सांगते, कारण इथं खोटं लिहायचं तर लिहायचं कशाला? मनात आलं, आज संध्याकाळी जास्तीचं दूध घ्यायला नको. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. असताना बोलायची आमची टाप नव्हती आणि गेल्यावर बोलायचं नाही, मग बोलायचं कधी, ते एकदा कुणीतरी सांगावं.

अण्णा म्हणजे माझे सासरे, सुभेदार धुरी. सगळं आयुष्य फौजेत काढून ते कांजूरच्या आमच्या चाळीत राहायला आले आणि येताना फौज बरोबर घेऊन आले. रोज संध्याकाळी सात वाजता ते गॅलरीत लोखंडी खुर्ची टाकायचे, ट्रान्झिस्टर मांडीवर घ्यायचे आणि बातम्या लावायचे. चाळीतले पुरुष कामावरून येऊन हातपाय धुऊन भोवती बसायचे. बातम्या संपल्या की अण्णांचं भाषण. त्याला ते ब्रीफिंग म्हणायचे. आणि आत मी, कारखान्यातून येऊन खोचलेला पदरही न सोडता, त्या सगळ्या मंडळींचा चहा टाकायची. "मंगल, च्या हाड गो," म्हणजे चहा आण. इराण आणि इराक तिकडं वर्षानुवर्षं लढले, पण त्या लढाईपायी साखर संपली ती माझ्या डब्यातली.

गॅलरीतल्या भिंतीवर अण्णांनी आशियाचा एक मोठा नकाशा टांगला होता. कुठल्याशा शाळेनं रद्दीत काढलेला, त्यांनी रद्दीवाल्याकडून आणलेला. त्यासाठी असा काही खिळा ठोकला होता की पलीकडच्या घरातली फळी हलली आणि त्यांच्या दोन बरण्या फुटल्या. जिथं लढाई तिथं टाचणी. आपली माणसं साधी टाचणी, शत्रू लाल टाचणी. आणि लाल रंग कुठला, तर माझ्या नेलपॉलिशचा. नवऱ्यानं मिलिटरी कँटीनमधून हौसेनं आणलेली ती माझी एकुलती एक बाटली. मी ती सणावारालाच उघडायची. एक दिवस बघते तर तळाशी थेंब नाही. विचारलं तर म्हणाले, "देशाच्या कामाक लागला." देशाचं काम म्हणजे काय, तर अफगाणिस्तानात रशियाचे रणगाडे कुठवर आले ते कांजूरच्या लोकांना दाखवणं.

त्यांचं मत नाही असा विषय जगात नव्हता. रशियानं पठाणाच्या घरात शिरायला नको होतं, तिथून माणूस चपला टाकून पळतो. इराण-इराकला आमच्या पलटणीतला एक सुभेदार मेजर द्या, आठवड्यात निकाल लावतो. दिल्लीत बसलेत त्यांना पाठीचा कणा नाही, विरोधात बसलेत त्यांना डोकं नाही. निवडणुका दहा वर्षं बंद करून देश फौजेच्या ताब्यात द्यावा. कोणी मध्ये बोललं की एकच वाक्य, "तू बंदूक धरली आहेस काय?" संपलं. बंदूक कोणी धरलेली नव्हती, त्यामुळं अण्णांचं सगळंच खरं.

सावंतकाका मुळात गिरणीतले. संपात नोकरी गेली, मग एका गोदामावर वॉचमन लागले. त्यांच्या तोंडावर अण्णा म्हणाले होते, "संप म्हणजे शिस्तभंग. आमच्यात कोर्ट मार्शल झाला असता." सावंतकाकांनी हातातला कप खाली ठेवला आणि ते उठून गेले. मी आतून बघत होते. मला वाटलं, सुटलो, आता हा माणूस काही येत नाही आणि हळूहळू बाकीचेही यायचे नाहीत. दुसऱ्या दिवशी साताला काका हजर. मी चहा देताना हळूच म्हटलं, "काका, परत आलात?" तर म्हणाले, "घरी बसून काय करू? तिथं तर कोणी शिव्यापण घालत नाही." असा हा दरबार होता.

हे सगळं मी चालवून घेतलं असतं. चहा काय, कुठंही करावा लागतोच. पण माझा नवरा नंदकुमारही फौजेतच. लग्नानंतरचा आमचा सगळा संसार म्हणजे वर्षाकाठची रजा आणि उरलेले महिने पत्रं. मला सासूबाईंचं बोलणं आठवायचं. त्या बिचाऱ्या जन्मभर गावी एकट्या राबल्या, आणि जायच्या आधी मला एकदाच म्हणाल्या होत्या, "ते पेन्शनीत इले, तेव्हा दारात कोण उभो हा ता माका कळाकच नाय." मला तसं व्हायचं नव्हतं. नवऱ्याची पेन्शनीपुरती वर्षं भरत आली होती. आमच्या कारखान्यात स्टोअरला माणूस हवा होता, मी साहेबांकडे शब्द टाकून ठेवला होता. फक्त मुदत वाढवून घ्यायची नाही, एवढंच त्यानं तिकडं सांगायचं होतं. आणि नेमकी त्याच सुमाराला आपली फौज श्रीलंकेत गेली.

आशियाच्या नकाशात श्रीलंका केवढी असणार? चिंचोक्याएवढी. त्यावर अण्णांनी टाचण्या टोचायला घेतल्या. पंधरा दिवसांत निकाल, म्हणाले. पंधरा दिवस झाले, मग महिना झाला, टाचण्या वाढत गेल्या, चिंचोका दिसेनासा झाला. त्यातली एक साधी टाचणी म्हणजे माझा नवरा. पलटण तिकडं गेल्याचं कळलं त्या संध्याकाळी अण्णांनी ती सगळ्यांसमक्ष टोचली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी दारात चहाचं ताट घेऊन उभी.

मध्ये तो रजेवर आला. वाळलेला, झोपेत दचकून उठणारा. माझ्याशी धड बोलला नाही, पण तिसऱ्या दिवशी स्वतःहून म्हणाला, "मंगल, बास झालं. पेन्शन घेतो." मला इतका आनंद झाला की मी पुरण घातलं. पण हा बापाला विचारायला गेला, तोही साताच्या ब्रीफिंगला, चार माणसांत. "अण्णा, मी म्हणतोय आता पुरे करावं." अण्णांनी आधी रेडिओचा आवाज वाढवला. मग लोकांकडे बघून हसले आणि मुलाकडं बोट करून म्हणाले, "धुरीचो झिल लढाई सोडून येतलो आणि भाजयेची पिशवी घेवन बायलेच्या मागे फिरतलो? ऐकलात काय?" लोक हसले. माझा नवरा मान खाली घालून बसला. त्यानं मुदत वाढवून घेतली आणि गेला.

तो गेला त्या दिवशी मी पहिल्यांदा अण्णांना उलटून बोलले. म्हटलं, "अण्णा, तुमच्या टाचणीला भूक लागत नाही, ती रडत नाही, रात्री ओरडत उठत नाही. माणूस उठतो." ते म्हणाले, "तुका राजकारण कळणा नाय." मी म्हटलं, "मला नवरा कळतो." त्या दिवसापासून आम्ही एका घरात राहून जेवणापुरतं बोलत होतो.

पुढं तिकडून आपल्या माणसांच्या मरणाच्या बातम्या यायला लागल्या आणि गॅलरी रिकामी होत गेली. लोक म्हणू लागले, आपली पोरं तिथं कशाला? ज्यांनी टाळ्या वाजवल्या तेच. शेवटी सावंतकाका तेवढे यायचे, तेही पेंगत. अण्णा मात्र तितक्याच मोठ्या आवाजात बोलायचे, समोर कठडा आणि वाळत घातलेले कपडे. कुणाला दया आली असती. मला आली नाही. मी तेवढे कप चहा कमी टाकायला लागले, एवढंच.

आणि मग एका संध्याकाळी बातम्यांत सांगितलं की आपलं सैन्य परत येणार. मी आत पोळ्या लाटत होते. लाटणं टाकलं, कढई चढवली आणि रवा भाजायला घेतला. तुपाचा वास गॅलरीपर्यंत गेला असेल. सगळ्या चाळीत वाटला, आणि एक बशी अण्णांपुढं ठेवली. त्यांनी विचारलं, "कसलो ह्यो?" म्हटलं, "फौज परत येतेय, त्याचा." त्यांनी बशी बोटानं लांब सारली. "माघारीचो शिरो मी खाणंय नाय." मी बशी उचलली नाही. म्हटलं, खा नाहीतर मुंग्यांना घाला. त्यांच्याशी बोललेलं ते माझं शेवटचं वाक्य. दुसऱ्या दिवशी दुपारी ते गेले. मी कारखान्यातून धावत आले तेव्हा बशी खुर्चीखाली होती. वाचणाऱ्याला वाटेल, शेवटी खाल्ला असेल. नाही खाल्ला. मुंग्या लागल्या होत्या. हट्ट कशाला म्हणतात ते त्या माणसानं मरतानाही दाखवलं, आणि मला त्या बशीचाही राग आला, आणि का कोण जाणे, तिथंच खाली बसून रडायलाही आलं…

तार पोचून नवरा येईपर्यंत अग्नी चुलतदिरांनी दिला होता. तेराव्याला गोड करतात. काय करायचं ते मला कुणी विचारलं नाही, मीही कुणाला विचारलं नाही. शिरा केला. जेवणं झाल्यावर चाळीतले सगळे, न येणारेसुद्धा, गॅलरीत जमले. नवरा त्या लोखंडी खुर्चीत बसला होता, मागं नकाशा. मी दारात उभी. सावंतकाका म्हणाले, "नंदू, आता तूच सांग बाबा. आपण तिकडं जिंकलो का हरलो?" सगळे वाट बघत होते, सुभेदाराचा मुलगा बोलेल म्हणून. तो उठला. नकाशाकडं वळला आणि त्यानं श्रीलंकेवरच्या टाचण्या एकेक करून काढून सावंतकाकांच्या तळहातावर ठेवल्या. खाली बेट राहिलंच नव्हतं. नुसतं भोक होतं आणि त्यातून भिंतीचा चुना दिसत होता. त्यानं नकाशा उतरवला, गुंडाळून कोपऱ्यात उभा केला. आत आला, दारामागची पिशवी घेतली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मला विचारलं, "मंगल, भाजी काय आणू?" या खेपेला कोणी हसलं नाही. मी म्हटलं, "मेथी बघ. आणि कोथिंबीर फुकट मागून घे." तो जिना उतरून गेला.

वाढवलेली मुदत दोन महिन्यांत संपतेय. पेन्शनीचे कागद त्यानं पलटणीत परत जाण्याआधीच भरले. स्टोअरची जागा साहेबांनी अजून धरून ठेवली आहे. अण्णांवरचा माझा राग काही गेलेला नाही, आणि तो घालवायची मला घाईही नाही. गॅलरी मी चुना लावून घेतली, तेव्हा रंगाऱ्याला म्हटलं तो नकाशाचा खिळा तेवढा काढ. त्यानं पकड लावली, हिसके दिले, घाम पुसला. "बाई, भिंत येईल, खिळा नाही यायचा. कुणी ठोकलाय हा?" म्हटलं, राहू दे. आता त्याच खिळ्याला आमची भाजीची पिशवी असते.