बिनचुंबळीचा माठ

आमच्या घरामागे टिनाचं शेड आहे. तेच माझं दुकान, तोच माझा कारखाना, आणि बायकोच्या मते तेच माझं सासर, कारण जेवायला बोलावल्याशिवाय मी तिथून हलत नाही. टिनाला एक भोक आहे. दुपारी त्यातून उन्हाची काठी आत उतरते आणि सागाचा बारीक भुसा तिच्यात तरंगत राहतो. खाली बसायची त्याला कसली म्हणून घाई नसते. त्याच्याकडे बघता बघता माझी पटाशी हातातच राहते आणि मन कुठल्या कुठे निघून जातं. भोक बुजवा म्हणून बायको मागे लागते, मी आज-उद्या करत राहतो.

मी लाकडी नंदी बनवतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, आमच्याकडची लहान पोरं चाकांवरचे हे नंदी सजवून ओढत नेतात. जगाचा पोळा श्रावणाच्या शेवटी येतो, माझा होळी झाली की लागतो. आरा गिरणीवरून सागाचे तुकडे आणायचे, कटरनं ढोबळ आकार काढायचा, मग पटाशी, मग पॉलिश पेपर. तिथं माझं काम संपतं आणि नंदी बाकड्यावरून पुढे सरकतो.

हे बाकडं म्हणजे सागाची एकच लांब, जाड फळी. एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला फळीवरच मांडी घालून बायको. ती नंदीला डोळे देते, शिंगं रंगवते आणि पाठीवर झूल काढते. आमचा संसार घरात कमी आणि या फळीवर जास्त झाला आहे. भांडणंही इथंच झाली, आणि मिटली तीही इथंच, कारण एकानं रंग मागितला की दुसऱ्याला बोलावंच लागायचं.

आणि गाणी. शेडमध्ये पहिल्यापासून एक रेडिओ होता. बायको त्याच्या सुरात सूर मिसळून गुणगुणायची आणि झुलीच्या काठावर ठिपके द्यायची. ठिपके गाण्याच्या ठेक्यावर पडायचे. हे तिला स्वतःला माहीत होतं की नाही कोण जाणे. गाणं संथ असलं की ठिपके लांब लांब, उडतं असलं की दाटीवाटीनं. रंगवलेल्या नंदीकडे बघून मी सांगू शकायचो की याच्या वेळी कसलं गाणं लागलं होतं. तिला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती ठिपक्यांकडे लक्ष द्यायला लागली असती आणि सगळा खेळ बिघडला असता.

मग तिचे कान जायला लागले. हळूहळू गेले, आम्हा दोघांना फसवत फसवत. एकदा मी पटाशी मागितली तर तिनं घरातून बताशे आणून दिले. मीही मुकाट्यानं खाल्ले. यवतमाळच्या डॉक्टरांनी तपासलं. वय म्हणाले, आवाजात बसणं म्हणाले, कुणाकुणाचं असंच होतं म्हणाले, आणि कानाचं मशीन दिलं. घरात ते बरं चालायचं. शेडमध्ये कटर सुरू झाला की ते तिच्या कानात किंचाळायचं, म्हणून ते सुईदोऱ्याच्या डब्यात जाऊन पडलं. फोनवर तर तिला काहीच कळेना. उमरखेडला दिलेली आमची पोरगी फोन करायची आणि मलाच विचारायची, "बाबा, आईले आता तरी ऐकू येते का?" मी तिला पावसापाण्याचं सांगायचो.

एके दिवशी बायकोनं रंगाच्या वाट्या गोळा केल्या आणि उठून म्हणाली, "मी घरातच रंगवतो आता. इथं बसून काय करू? ते कटर बोंबलते तेवढं समजते, गाणं त ऐकूच येत नाही."

"अन् मी एकटा काय करू?" मी विचारलं.

तिला ऐकू आलं नाही. ती गेली.

फळीच्या त्या टोकाला नुसते रंगाचे डाग उरले. ती काही माहेरी गेली नव्हती, आतल्या खोलीत होती. पण मला ते शेड खायला उठलं. मी तसा तापट माणूस आहे, दुःख झालं की मला आधी राग येतो. तेव्हा राग आला तो रेडिओचा. बिचारा भुसा खाऊन खाऊन घोगरा झाला होता, थापटी मारल्याशिवाय बोलत नव्हता. मी ठरवलं, असं काहीतरी आणायचं की जे भुशात, उन्हात, लाईट गेल्यावरही वाजेल आणि तिच्या कानापर्यंत पोचेल. गाणं आलं की ती येईल, एवढा साधा हिशोब मी मनाशी धरला.

पहिल्यांदा फोन स्टीलच्या लोट्यात ठेवून पाहिला. गाणं विहिरीतून आल्यासारखं आलं आणि बायकोला मात्र लोटा सापडेना. मग पोरीनं एक ब्लूटूथचा डबा पाठवला. प्लास्टिकच्या वस्तूंशी माझं जन्माचं वाकडं, पण पोरीनं पाठवलेला म्हणून त्याला मखरात ठेवावं तसं खिळ्यावर टांगलं. पंधरवडाभर तो छान वाजला. नंतर भुसा त्याच्या जाळीत बसला आणि प्रत्येक गाणं सर्दी झाल्यासारखं यायला लागलं. पोरीला सांगितलं, मस्त चालू आहे.

आमचं गाव पांढरकवडा, घरापासून हायवे हाकेच्या अंतरावर. ट्रक जातात ते गाणी मागे सांडत जातात. एका दुपारी उन्हाच्या काठीकडे बघत बसलो होतो, तेव्हा एक ट्रक गेला आणि त्याचं गाणं बराच वेळ शेडमध्ये रेंगाळलं. मनात आलं, हा बाबा उन्हातान्हात, धुळीत, खड्ड्यांतून वाजत हैदराबादला जातो. याच्याहून टिकाऊ काय असणार? तसाच उठलो आणि ट्रकमध्ये गाण्याचे डेक बसवून देणाऱ्या चाचांच्या दुकानात गेलो.

चाचा म्हणाले, "मिस्त्री, गाडी कवा घेतली?"

"गाडी नाही चाचा, शेडात बसवाचा हाय. भुशात टिकला पायजे."

"टिकने की बात मत करो. गाडी भंगार में जाते, डेक दुसऱ्या गाडीत लागते."

डेक आणि दोन मोठे स्पीकर घेतले, वर गाडीची एक जुनी पण चांगली बॅटरी. डेकसाठी सागाची पेटी केली, तिला सरकतं झाकण, वायरींच्या भोकांना रबर. भुसा आत शिरायला आता माझीच परवानगी लागली असती. सकाळी सकाळी आवाज पुरता वर नेला आणि गाणं लावलं.

थोड्याच वेळात समोरच्या वहिनी नवी साडी नेसून, केसांत फूल घालून दारात हजर. "कोणाचं काय हाय भाऊ? आमाले आवतनच नाही दिलं!" आमच्याकडे सकाळपासून घरात मोठ्यानं गाणी लागली म्हणजे हळद नाही तर बारसं, तिसरं कारण नसतं. त्यांच्या मागून आणखी दोघी आल्या. बायको आतून आली, तिला काहीच ऐकू आलेलं नव्हतं. सजून आलेल्या बाया बघून तिलाही वाटलं, आपणच काहीतरी विसरलो. तिनं लगबगीनं चहा टाकला. सगळ्यांनी चहा घेतला, कार्यक्रम काही नाही हे कळल्यावर खूप हसल्या, आणि जाताना वहिनी म्हणाल्या, "आता कराच काहीतरी, मी साडी घडी करत नाही."

त्या गेल्यावर मी बायकोला स्पीकरजवळ नेलं. ती बघत राहिली आणि माझं मन राखायला म्हणाली, "चांगला हाय." तिनं तसं म्हटलेलं मला सहन झालं नाही. गल्लीला ऐकू गेलं, हायवेला ऐकू गेलं असेल, आणि जिच्यासाठी आणलं तिलाच नाही. आवाज वाढवून काही होणार नव्हतं. मी झाकण सरकवलं आणि कितीतरी दिवस पेटीला हात लावला नाही.

माठाची आठवण आली ती अर्धवट झोपेत. जेवण झालं होतं, फळीवर पाठ टेकली होती. आमच्या तरुणपणी बसस्टँडजवळच्या चहाच्या हॉटेलात माठाच्या तोंडावर स्पीकर बसवलेला असायचा, आवाजाला वजन यावं म्हणून. आम्ही पोरं मुद्दाम त्याच कोपऱ्यात बसायचो. तिथं ढोलकी वाजली की टेबलावरचा चहा कपात थरथरायचा. तो थरथरणारा चहा मला डोळ्यांपुढे स्वच्छ दिसला, आणि त्या चहाच्या पलीकडे, माहीत नाही कशी, बायको बसलेली दिसली. तेव्हा तर आमची ओळखही नव्हती. मी उठून बसलो.

घरात एक पाझरून निकामी झालेला मोठा माठ होता. त्याच्या तोंडावर डेकचा एक स्पीकर बसवला, भुसा जाऊ नये म्हणून जुन्या धोतराचं फडकं वरून ताणून बांधलं. बायकोच्या जुन्या लुगड्याचं मऊ वेटोळं वळून चुंबळ केली, फळीवर ठेवली आणि तिच्यावर माठ ठेवला. बिनचुंबळीचा माठ आमच्या घरात कुणी ठेवलेला मला आठवत नाही. पाण्याचा असो की गाण्याचा, आधी चुंबळ, मग माठ. हाताला दुसरं सुचतच नाही.

आवाज गोड आला. भारदस्त, पण अंगावर न येणारा. मी बायकोला बोलावलं. ती आली, फळीवर बसली, वाट पाहिली. मग मान हलवली आणि माझ्या दंडावर हात ठेवला. "राहू द्या. कायले जीव जाळता? गेलं ते गेलं."

मला रडू आलं. लपवलं नाही, आता कुणापासून लपवायचं? ती तशीच बाजूला बसून राहिली. मग, मला बरं वाटावं म्हणूनच बहुतेक, म्हणाली, "आजचा दिवस इथंच रंगवतो." आतून वाट्या घेऊन आली.

मी कामाला लागलो. लाईट गेलेली होती म्हणून कटर बंद. डेक बॅटरीवर बेताच्या आवाजात चालू होता, माझ्यापुरता. माझी तिच्याकडे पाठ होती. तिला ब्रश पुसायला चिंधी हवी असणार. माठाखाली तिचंच जुनं लुगडं दिसलं, तेव्हा तिनं माठ उचलून चुंबळ काढून घेतली आणि माठ नुसत्या फळीवर टेकवला. गोल बुडाचा माठ डुगडुगायला लागला म्हणून माझ्या लाकडाच्या पाचरी दोन्ही बाजूंनी घट्ट सारल्या. सुताराची बायको आहे ती. हे सगळं मला नंतर कळलं.

तेव्हा एवढंच कळलं की माझ्या मनगटाला फळीतून काहीतरी लागतंय. आधी वाटलं हायवेवरून जड गाडी चालली. मी पटाशी खाली ठेवली तर पटाशी किणकिणत होती. मी वळून पाहिलं. माठ सागावर, साग जमिनीवर, आणि सागावर मांडी घालून माझी बायको. तिचे डोळे मिटलेले होते. डावा हात फळीवर पसरला होता, तळवा खाली. उजव्या हातात ब्रश होता.

भोकातून उन्हाची काठी तिच्या खांद्यावर उतरली होती आणि भुसा तिच्या केसांवर सावकाश बसत होता. तिनं डोळे उघडले, नंदी पुढे ओढला आणि झुलीच्या काठावर ठिपके द्यायला लागली. गाणं संथ होतं. ठिपके लांब लांब पडत होते. मी माझ्या जागी परत वळलो, कारण तिनं बघू नये असं माझं तोंड झालं होतं.

तेवढ्यात फोन वाजला. उमरखेडहून पोरगी. फोनवर बोलायचं म्हणून मी सवयीनं हात लांबवून डेक बंद केला.

"बाबा," ती म्हणाली, "आई कशी हाय? आईले..."

मागून आवाज आला, "काहून बंद केलं?"

मी वळलो. बायको माझ्याकडे रागानं बघत होती, ब्रश हवेत. मी घाईघाईनं गाणं परत लावलं आणि फोनमध्ये म्हटलं, "मंग करतो तुले फोन. तुही आई गाणं ऐकून राह्यली."