केरबामामानं वाम कापली नाही

माझा केरबामामा लोणावळ्यात एका जपानी हॉटेलात आचारी आहे. जपानी लोक जुलैत एक दिवस हटकून वाम खातात, म्हणून मालकानं जिवंत वाम आणली. मामानं सुरी खाली ठेवली. त्याच्या गावच्या डोहातली वाम देवाची, तिथं कुणीच ती मारत नाही.

"मग उद्यापासून डोहावरच कामाला जा!" मालक भडकला.

मामा सरळ वाम मागवलेल्या जपानी पाहुण्याकडे गेला आणि खरं ते सांगून टाकलं. तानाका म्हातारे, चाकणला राहून मराठी शिकलेले. म्हणाले, "माझ्या आईच्या गावीपण देवाची म्हणून खात नाहीत."

"मग तुमी कसं खाता?"

"आई गेली, मग ते पाळणं सुटलं."

जरा वेळानं त्यांनीच वांगं भाजायला सांगितलं, वामीला लावतात तोच सॉस लावून. ताट मालकानं स्वतः नेलं. मामाची नोकरी टिकली, पण तो अजून म्हणतो, "लय हळू खाल्लं रं त्यांनी."