लाकडी राजकन्येचं कुंकू

संध्याताई सोनवणे गॅस बंद करून, कुलूप लावून गावाला निघाल्या, तरी एकलहऱ्याच्या कॉलनीच्या गेटवरून खात्री करायला एकदा परत यायच्याच. अशा बाईच्या लेकीनं, निकितानं, २००४ साली फार्मसी कॉलेजात मिळालेली जागा सोडली!

कारण काय, तर फिल्म क्लबात पाहिलेला चेक देशातला सिनेमा. परीकथेवरचा, पात्रं सगळी लाकडी बाहुल्या. बाहुली केसभर हलवायची, फोटो काढायचा, पुन्हा हलवायची. फोटो जोडले की ती चालते! निकिताला तसाच सिनेमा करायचा होता. तो आवडला तरच डिझाइनच्या कॉलेजात प्रवेश, आणि पाठवायचा दसऱ्यानंतरच्या सोमवारी.

मधल्या खोलीत टेबलावर राजवाडा उभा राहिला, त्यात कागदी चेहऱ्याची लाकडी राजकन्या. "आई, कशालाही हात लावायचा नाही!"

खंडेनवमीला निकिता कॅमेऱ्याचे सेल आणायला नाशिकरोडला गेली. संध्याताईंनी शिलाई मशीन, विळी, नवऱ्याचे पाने-पक्कड, सगळ्यांना हळदकुंकू लावलं. मग लेकीच्या कॅमेऱ्यालाही लावलं. शेजारी राजकन्येचं कोरं कपाळ त्यांना बघवेना; तिथंही बोट टेकलं.

निकिता परतली ती किंचाळलीच. "आई! अर्धा सिनेमा झालाय! मधेच हिला कुंकू कुठनं आलं?"

"पुसते ना."

"कागदाचा चेहरा आहे तो! लालभडक होईल!"

"म्हण की, घाईत लग्न उरकलं," निकिताचे वडील, कारभारीराव, पेपरामागून म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा हो!" संध्याताई राजकन्येजवळ आल्या. पोरीचं वर्ष आपण घालवलं. "निकू, पुढे काय होतं हिचं?"

"एकटी राजवाडा सोडून जाते."

"एकटी? आणि आई कुठाय तिची?"

"गोष्टीत आईच नाही."

"मग घाल की! पोर घराबाहेर पडते आणि कुंकू लावायला कुणी नाही?"

निकितानं उडीच मारली. "पाठमोरी उभी करते हिला! राणीचा हात वर जाईल, ही वळेल, आणि कुंकू!"

मोडक्या लाटण्याची राणी झाली, ब्लाउजपिसाचं लुगडं. हात हलवायला संध्याताई. "केसभर, आई! केसभर!" कॉम्प्युटरवर राणीचा हात खरोखर वर गेला, तशी संध्याताईंनी टाळ्याच पिटल्या.

"झालं. आता राणी आत जाईल."

"थांब," संध्याताई म्हणाल्या. "ती एकदा परत येईल."

परत आलेली राणी सिनेमात तशीच राहिली, आणि प्रवेश मिळाला. जूनमध्ये रिक्षात बसलेल्या निकिताला कुंकू लावून संध्याताई घराकडे वळल्या. निकिता ड्रायव्हरला म्हणाली, "काका, जरा थांबा."